कडेच्या खुर्च्या

ऑक्टोबर २०२१, न्यू जर्सी

काल मी एका चौदा वर्षांच्या मुलावर ओरडले. त्याचं वय मला नंतर कळलं.

दहा वर्षांखालच्या मुलींचा सामना होता. दोन्हीकडे सात-सात जणी, मध्यंतराआधी पंचवीस मिनिटं आणि नंतर पंचवीस. माझी लेक उजव्या बाजूला खेळत होती. तिने मारलेला बॉल समोरच्या मुलीच्या कोपराला लागला आणि जाळीकडे जाता जाता अडला. मी खुर्चीतून उठून "हॅन्डबॉल, रेफ!" म्हणून ओरडले. पंचाने मान हलवली आणि खेळ चालू ठेवला. माझ्या मागून आणखी तीन-चार आवाज उठले. मग सामना संपेपर्यंत आमच्या कडेने एकही शिट्टी शेऱ्याशिवाय जाऊ दिली नाही.

सामन्यानंतर तो पार्किंगच्या कठड्यावर बसला होता. पिवळा शर्ट काढून शाळेचा स्वेटशर्ट घातला होता, दातांना तार होती. एका आईने विचारलं, कितवीत आहेस? नववीत, म्हणाला. त्याचे वडील न्यायला आले. तो आत बसला, दार लागलं, तरी गाडी बराच वेळ हलली नाही.

त्याच रात्री

नियम काढून वाचला. फुटबॉलच्या नियमावलीत सतरा कलमं आहेत, हाताचा मामला बाराव्या कलमात येतो. हाताला बॉल लागला की झाला गुन्हा, असं त्यात कुठेही नाही. हात मुद्दाम लावला का, किंवा तो असा पसरला होता का की त्यामुळे शरीर अनैसर्गिकपणे रुंद झालं, हे पंचाने पाहायचं असतं. त्या मुलीचा हात अंगालगत होता आणि बॉल चार पावलांवरून आला होता. पोराचा निर्णय बरोबर होता.

मी लहानपणापासून फुटबॉल बघत आले आहे आणि हे कलम आज पहिल्यांदा वाचलं. ओरडताना मात्र मला तिळभर शंका नव्हती.

कोल्हापूर

कोल्हापुरात वाढलेल्या पोरीला फुटबॉलची ओळख कुणी करून द्यावी लागत नाही. शाहू स्टेडियममध्ये बाबांच्या शेजारी बसून मी पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, प्रॅक्टिस यांचे सामने पाहिले. आमच्याकडे संघांच्या नावातच 'तालीम मंडळ' असतं. पेठेतल्या तालमीशी बांधलेली पोरं, पेठेची ईर्षा, पेठेचा झेंडा. पंचाला बोल लागायचे, कधी फार वाईट बोल लागायचे. बाबा शांत असले की सांगायचे, "कुस्तीत पंचानं पाठ लागली म्हटलं की लागली. हात मिळवायचा नि मातीतनं बाहेर यायचं." पण पेनल्टी नाकारली गेली की तेही उभे राहून ओरडायचे. माझ्या घशातला आवाज तिथलाच आहे.

फरक एवढाच, की तिथे खेळणारी माणसं मोठी होती आणि शिट्टीही मोठ्या माणसाच्या हातात होती. हजारो प्रेक्षकांत एकेकाचा आवाज विरून जायचा. इथे पन्नास-साठ यार्डांचं मैदान, कडेला वीस खुर्च्या. प्रत्येक शब्द प्रत्येक मुलीला ऐकू जातो, आणि तो कुणाच्या आईचा आहे हेही तिला ठाऊक असतं.

एकच सामना, दोन सामने

नोव्हेंबर १९५१ मध्ये प्रिन्स्टन आणि डार्टमथ या दोन विद्यापीठांत अमेरिकन फुटबॉलचा एक दांडगा सामना झाला. प्रिन्स्टनच्या सर्वांत नावाजलेल्या खेळाडूचं नाक मोडलं, डार्टमथच्या एकाचा पाय मोडला. दोन मानसशास्त्रज्ञांनी, अल्बर्ट हॅस्टॉर्फ आणि हॅडली कॅन्ट्रिल यांनी, त्या सामन्याची तीच फिल्म दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना दाखवली आणि नियमभंग मोजायला सांगितले. डार्टमथच्या मुलांना आपल्या संघाचे जेवढे दिसले, त्याच्या दुपटीहून जास्त प्रिन्स्टनच्या मुलांना दिसले. १९५४ साली हे छापून आलं.

ही मुलं खोटं बोलत नव्हती, म्हणून ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. पंचावर ओरडणारा बाप लबाड असतो असं मानलं की प्रश्न सोपा होतो, पण तो लबाड नसतोच. त्याला खरोखर तसंच दिसलेलं असतं. माया डोळ्यांत भरली की डोळे आपल्या माणसाच्या बाजूने मोजू लागतात. आईचे डोळे तसे असायलाच हवेत, घरात ते लागतात. निवाड्याच्या कामी त्यांचा उपयोग नाही.

ऑफसाइड

शनिवार-रविवारी सर्वांत जास्त ओरडला जाणारा शब्द.

ऑफसाइड ठरते ती पास देणाऱ्याचा पाय बॉलला लागतो त्या क्षणी. पास घेणाऱ्याकडे बॉल पोचतो तेव्हा तो कुठे आहे याला अर्थ नसतो. आपण मात्र बॉलच्या मागे नजर नेतो, आणि नजर पोचेपर्यंत मुलगी दोन-तीन पावलं पुढे धावलेली असते. शिवाय आपण उभे असतो तिरके. २००० साली 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत नेदरलँड्सच्या संशोधकांनी दाखवलं होतं, की कसलेले लाइन्समनही ऑफसाइडला चुकतात त्याचं एक मोठं कारण त्यांची जागा असते. शेवटच्या बचावपटूच्या नेमक्या रेषेत पंच नसला, की कोनामुळे पुढचा मागे आणि मागचा पुढे दिसतो. डोळे तयार असले तरी हा कोन चुकवता येत नाही.

आणि आम्ही कॉफी हातात घेऊन, खुर्ची जिथे सावली असेल तिथे मांडून, तिथून ऑफसाइड देतो.

ओरडण्यांची यादी (तीन शनिवार ऐकून)

"ऑफसाइड!" बॉल थ्रो-इनवरून आला होता. थ्रो-इनवर ऑफसाइड नसते. गोल-किकवर आणि कॉर्नरवरही नसते.

"फाउल कसला? तिने फक्त हेड केला!" अमेरिकेत दहा वर्षांखालच्या मुलांना सामन्यात डोक्याने बॉल मारायची मनाई आहे. कोवळ्या मेंदूला धक्के बसू नयेत म्हणून २०१५ पासून हे बदल आले. पंचाने दिलेली फ्री-किक त्या मुलीच्या डोक्याच्या काळजीपोटीच होती.

"दोन्हीकडे सारखं बघ!" हे दोन्हीकडून ओरडलं जातं. एका सामन्यात मी ते दोन्ही कडांवरून एकाच मिनिटात ऐकलं.

"तू सामना बघतोयस का?" याचं उत्तर देता येत नाही, म्हणून हे सर्वांत जास्त लागतं.

दहावीचं सेंटर

माझ्या दहावीच्या बोर्डाच्या परीक्षेला आई शाळेच्या फाटकाबाहेर तीन तास उभी असायची. सगळ्यांच्याच आया उभ्या असायच्या. पेपर अवघड गेला तर बाहेर आल्यावर पोरं रडायची, आया पाणी द्यायच्या. पण आत जाऊन पर्यवेक्षकाचा हात धरावा असं कुणाच्या मनात आलं नाही. मध्ये फाटक होतं.

इथल्या मैदानाला फाटक नाही, फक्त चुन्याची एक पांढरी रेघ आहे. आणि रेघेच्या बाहेर आपण काय काय घेऊन बसलेलो असतो! क्लबची फी, दोन तासांचं ड्रायव्हिंग, स्पर्धेसाठी हॉटेलात काढलेली रात्र, वर्षभराचे शनिवार. कुणाच्या मनात पुढे कॉलेजची स्कॉलरशिप असते. आपल्या लोकांच्या मनात आणखी एक गोष्ट असते आणि ती बोलली जात नाही: या देशात माझ्या पोरीला कुणी डावललं तर? शिट्टी विरुद्ध गेली की ही जुनी धास्ती जागी होते. धास्ती खरी आहे, ती हसण्यावारी नेऊ नये. पण तिचा हिशेब त्या पिवळ्या शर्टातल्या पोराने का चुकवायचा?

अल्मेरे

हे लिहायचं टाळत होते.

२ डिसेंबर २०१२. नेदरलँड्समधलं अल्मेरे. रिचर्ड न्यूवेनहायझेन, वय ४१, आपल्या मुलाच्या संघाच्या सामन्यात झेंडा घेऊन कडेला उभे होते. पगारी पंच नव्हते. शनिवार-रविवार क्लबसाठी राबणारे एक वडील. सामना संपल्यावर पाहुण्या संघातल्या काही मुलांनी त्यांना पाडून लाथा मारल्या. दुसऱ्या दिवशी ते गेले. त्यांच्या मुलाने हे मैदानावरून पाहिलं होतं.

पुढच्या शनिवार-रविवारी डच फुटबॉल संघटनेने देशभरातले हौशी सामने रद्द केले. जून २०१३ मध्ये न्यायालयाने मनुष्यवधासाठी सहा किशोरवयीन खेळाडूंना दोषी धरलं. सातवा दोषी होता त्यांच्यातल्या एकाचा बाप, वय ५०. त्याला सहा वर्षांची शिक्षा झाली.

त्याच वर्षी, २०१३ च्या वसंतात, अमेरिकेतल्या यूटा राज्यात रिकार्डो पोर्तियो या पंचाने सतरा वर्षांच्या एका खेळाडूला पिवळं कार्ड दाखवलं. मुलाने ठोसा मारला. पंच आठवडाभर मृत्यूशी झुंजून गेले.

प्रत्येक ओरडण्यातून असं काही घडत नाही, हे मला कळतं. पण अल्मेरेच्या त्या पोरांना पंच हा माणूस नाही, अडथळा आहे, हे कुणीतरी कुठेतरी शिकवलं असणार. तो धडा वर्गात दिला जात नाही. खुर्च्यांवरून दिला जातो, थोडा थोडा, दर शनिवारी.

शांत शनिवार, मे २०२२

आमच्या लीगने या आठवड्यात पालकांना गप्प राहायला सांगितलं. टाळ्या चालतील, शब्द नकोत. ही कल्पना जुनी आहे. १९९९ च्या ऑक्टोबरात ओहायोतल्या एका लीगने असा शांत रविवार पाळला होता. कुठे कुठे पालकांना येतानाच लॉलिपॉप देतात, तोंडात काहीतरी राहावं म्हणून. आम्हालाही दिले.

पहिली दहा मिनिटं कठीण गेली. माझ्या शेजारचे गृहस्थ दोनदा उठले आणि दोनदा बसले.

मग एक आवाज ऐकू येऊ लागला. मुली एकमेकींशी बोलत होत्या. "माझा!" "मागे आहे कुणीतरी!" "वेळ आहे तुला, वळ!" त्यात माझी लेकही होती. घरी हाक मारल्यावर ओ न देणारी मुलगी मैदानावर सगळ्यांना जागा सांगत होती. दोन हंगाम मी तिच्या प्रत्येक सामन्याला गेले, पण तिचा हा आवाज मला माझ्याच आवाजामुळे ऐकू आला नव्हता.

एक मुलगी पडली, तेव्हा पंचाआधी समोरच्या संघातल्या मुलीने तिला हात दिला. त्यावर सगळ्या खुर्च्यांनी टाळ्या वाजवल्या. परवानगी होती म्हणून नव्हे.

पंच येत नाहीत

या शनिवारी पंच आलाच नाही. अर्धा तास वाट पाहून सामना रद्द. मुली रडवेल्या होऊन शिनगार्ड काढत बसल्या.

अमेरिकेतल्या शालेय खेळांच्या राष्ट्रीय महासंघाने सांगितलं आहे, की २०१८-१९ नंतरच्या तीन वर्षांत सगळ्या खेळांचे मिळून सुमारे ५०,००० पंच कमी झाले. करोनाचा त्यात हात आहे. पण पंचांच्या राष्ट्रीय संघटनेने २०१७ साली सतरा हजारांहून अधिक पंचांना विचारलं होतं, की खिलाडूवृत्तीला सर्वांत जास्त बाधा कोण आणतं. सर्वाधिक लोकांनी, जवळपास चाळीस टक्क्यांनी, पालकांचं नाव घेतलं. प्रशिक्षक दुसरे होते. खेळाडू खूप खाली.

मला तो पार्किंगच्या कठड्यावरचा मुलगा आठवला. पुढच्या हंगामात तो कुठे दिसला नाही. कदाचित अभ्यास वाढला असेल. मी तसं समजून स्वतःची सुटका करून घेऊ शकत नाही.

डेप्टफर्ड

आमच्याच राज्यातली बातमी, एप्रिल २०२३. दक्षिण न्यू जर्सीतल्या डेप्टफर्ड गावच्या मुलांच्या बेसबॉल लीगने नियम केला: जो पालक अम्पायरशी गैरवर्तन करील त्याने तीन सामन्यांत स्वतः अम्पायरिंग करायचं. तोवर मैदानात प्रवेश नाही. करायचं नसेल तर वर्षभर बाहेर.

ही शिक्षा मला फार आवडली. तीत अपमान नाही, फक्त जागा बदलायची आहे. कडेवरून मध्ये या आणि तिथून बघा.

इंग्लंडमधल्या काही भागांत अठरा वर्षांखालचे पंच जांभळे मोजे किंवा दंडाला जांभळी पट्टी घालतात, म्हणजे पाहणाऱ्याला आधीच कळावं की समोर मूल आहे. चांगली सोय आहे. पण जांभळे मोजे पाहून जो गप्प बसतो, त्याने काळे मोजे पाहून का बोलावं, हेही कुणीतरी विचारायला हवं.

सप्टेंबर २०२३ : मध्ये

पंचाचा प्राथमिक कोर्स केला. घरी बसून ऑनलाइन पाठ, मग एक दिवस मैदानात. शिट्टी कशी वाजवायची हेही शिकवतात. साध्या फाउलला आखूड आणि स्पष्ट, पेनल्टीला लांब आणि जोरदार. शिट्टी घाबरली की खेळाडूंना कळतं, असं शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या.

काल पहिला सामना केला. मध्ये उभं राहिलं की मैदान वेगळंच असतं. कडेवरून एक मुलगी दिसते, आपली. मधून चौदा दिसतात. बॉल बघावा तर मागे ओढला गेलेला शर्ट दिसत नाही, शर्ट बघावा तर बॉल रेषेबाहेर गेला का हे सुटतं. हाताखाली लाइन्समन नाहीत. ठरवायला एक सेकंद, कधी तोही नाही.

मी चुकले. एक थ्रो-इन उलट्या संघाला दिला, शिट्टी वाजवल्याक्षणी मला कळलं. नियम सांगतो की खेळ पुन्हा सुरू व्हायच्या आत पंचाला आपला निर्णय बदलता येतो. मी हात फिरवून दिशा बदलली. कडेवरून कुणीतरी मोठ्याने हसलं. माझे कान तापले आणि पुढची दोन मिनिटं मी खेळ पाहिलाच नाही, तो हसणारा कोण ते शोधत राहिले. त्या दोन मिनिटांत एक खरा फाउल सुटला.

पंचावर ओरडल्याने निर्णय सुधारतात, असं ज्यांना वाटतं त्यांना मला हे सांगायचं आहे.

पंच चुकतो तेव्हा

हेही लिहिलं पाहिजे, नाहीतर ही वही एकतर्फी होईल. पंच चुकतात. काही आळशी असतात, मधल्या वर्तुळातून हलत नाहीत. काही उर्मट असतात. धोकादायक खेळ रोखला नाही तर मूल जायबंदी होऊ शकतं, तेव्हा आईचा जीव वर येतो. ती काळजी चूक नाही.

तिला वाट आहे. मध्यंतरात प्रशिक्षकाने पंचाशी शांतपणे बोलावं. सामन्यानंतर क्लबने लीगला लेखी कळवावं. आम्ही पंच त्या पत्रांवरून शिकतो, वरिष्ठ येऊन सामना पाहतात, चुका दाखवतात. २०२५ मध्ये अमेरिकेच्या सॉकर फेडरेशनने पंचांच्या छळाविरुद्ध देशभरासाठी एक धोरण लागू केलं, त्यात प्रेक्षकांसाठीही शिक्षा आहेत. धोरण हवंच होतं. पण नियमाचा कागद शनिवारी सकाळी मैदानात उभा राहू शकत नाही. तिथे आपणच असतो.

बाबांना हे फोनवर सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मातीतनं बाहेर यायचं मी पोरांना सांगायचो. माती तर त्यांचीच होती. आम्ही कशाला आत शिरलो?"

ऑक्टोबर २०२५

लेक तेरा वर्षांची झाली आणि तिनेही कोर्स केला. आज तिचा पहिला सामना, नऊ वर्षांखालची मुलं. पिवळा शर्ट तिला ढगळ होतो. मी खुर्ची कॉर्नरच्या झेंड्याजवळ मांडली, जिथून शब्द पोचत नाहीत.

दुसऱ्या भागात एक वडील उठून "ऑफसाइड! अगं, ऑफसाइड!" म्हणून ओरडले. मुलगा मध्यरेषेच्या पुढे होता, पण बिल्ड-आउट लाइनच्या अलीकडे. सात-सातच्या खेळात लहान मुलांसाठी ही जादा रेघ आखतात आणि तिच्या अलीकडे ऑफसाइड धरत नाहीत. तिने बरोबर केलं होतं. ते पुन्हा ओरडले, या वेळी तिच्या उंचीवरून काहीतरी बोलले.

मी खुर्चीचे हात धरून बसले. उठून त्या माणसाला चार शब्द सुनवावेत असं अंगभर वाटत होतं. चार वर्षांपूर्वी त्या गाडीत बसलेल्या वडिलांनाही तसंच वाटलं असेल. मी उठले असते तर खुर्च्यांच्या भांडणात आणखी एक खुर्ची वाढली असती, आणि पंच मैदानात एकटीच राहिली असती.

तिने एकदा कडेकडे पाहिलं. मग पाठ फिरवून बॉलच्या मागे धावली.

गाडीत बसल्यावर मी वाट पाहिली. ती त्या माणसाबद्दल काहीच बोलली नाही. पाणी प्यायली, बूट काढले, आणि म्हणाली, "आई, एका मुलाचा थ्रो-इन चुकला. पाय उचलला गेला त्याचा. मी त्याला दोन्ही पाय जमिनीवर कसे ठेवायचे ते दाखवलं आणि परत टाकायला दिला. चाललं ना ते?"

आमच्या लीगमध्ये या वयाला ती मुभा आहे. चाललं, म्हटलं.

"दुसऱ्यांदा बरोबर टाकला त्याने," ती म्हणाली.

मग मी गाडी सुरू केली.